पाणी निवळेपर्यंत

बू मल्सुन, वय एकाहत्तर, उजवा खांदा.
स्नायूची दोरी हाडावरून सुटलेली.
आत नेण्याआधी तिनं माझी बाही धरली:
आत काय दिसतं गं तुम्हाला?
पाणी, म्हटलं. आधी सांध्यात पाणी भरतो,
मग पेन्सिलीएवढी दुर्बीण सोडतो.
ती हसली. दात मोजके, हसणं भरपूर.
म्हणजे तुम्हीही बुड्याच मारता की!

पंचावन्न वर्षं ती उतरते आहे
सोग्विपोच्या काळ्या खडकांखाली, एकेका श्वासावर.
पूर्वी धरून तरंगायला भोपळा असे, आता थर्माकोलचा गोळा.
वर आली की छातीतून शीळ फुटते.
त्या शिळेवर, म्हणते, नातवाची फी भरली.

भूल चढायच्या जरा आधी मला एक सांगितलं:
ऑक्टोपसनं शाई सोडली ना, की चाचपडायचं नाही.
हात आवरायचे.
पाणी आपसूक निवळतं. श्वास पुरला तर.

आमच्याकडे शाई लाल असते.
केसाएवढी रक्तवाहिनी तुटते
आणि पडद्यावर हाड नाही, दोरा नाही, सुई नाही,
नुसतं लाल धुकं.
म्हणून सुरीच्या दहा मिनिटं आधी शिरेतून एक औषध,
जे रक्ताला अडवत नाही,
जमलेली गुठळी विरघळू देत नाही, एवढंच.
मिटलेलं भांडण कुणी पुन्हा उकरू नये
म्हणून उंबऱ्यात बसून राहणाऱ्या थोरल्या जावेसारखं.
आणि पाण्याच्या प्रत्येक पिशवीत, तीन लिटरला एक,
अॅड्रिनलिनची कुपी. वाहिन्या अंग चोरतात.
ती मी घालते. अकरा वर्षं मीच.
डोक्याशी को बसते, रक्तदाब खाली धरून,
पण फार खाली नाही,
टेकवून बसवलेल्या माणसाचा मेंदू उंचावर असतो.

तिसऱ्या पिशवीला पडदा गढूळला.
डॉक्टर ह्यॉन म्हणाले, पंपाचा दाब वाढवा. वाढवला.
अजून.
खांदा बाहेरून टम्म फुगत चालला, आत मात्र संध्याकाळ.
को म्हणाली, शंभरावर आहे, याखाली मी नेणार नाही.
मग कुणीच बोलेना. पंपाची घरघर.
आणि माझी नजर ट्रेवर गेली.
कुपी. उभी. मान न मोडलेली.

अशा वेळी मन काय काय रचतं!
हळूच टोचता आली असती.
सगळे पडद्याकडे बघत होते.
माझा मीच ऐकला माझा आवाज:
डॉक्टर, तिसऱ्या पिशवीत औषध नाही. माझ्याकडून राहिलं.

ह्यॉननी वर पाहिलं नाही.
घाला, म्हणाले.
हत्यार मागे घेतलं, दुर्बीण होती तिथंच ठेवली.
थांबू या.

कट्.
काचेचा एवढासा आवाज, आणि मग नुसतं थांबणं.
मी श्वास धरून होते, हे नंतर कळलं.
आधी कडेनं निवळलं,
मध्ये एक लाल धागा हलत राहिला, कुणी खालून ओढतंय असा,
मग तोही विरला
आणि समोर हाड. खरबरीत, पांढुरकं,
शिंपला उपटल्यावर खडकावर राहतो
तसल्या डागासारखं.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात
डाव्या हातानं संत्रं सोलायची खटपट करत होती.
कसं होतं माझं पाणी?
मधेच गढूळलं, म्हटलं. माझ्या चुकीनं.
किती वेळ?
चार-पाच मिनिटं.
हं. मी तर दोनाच्या वर नाही राहू शकत, म्हणाली,
आणि एक फोड माझ्यापुढे केली.

मग डॉक्टरांचे सहा महिने म्हणजे
नक्की कुठल्या भरतीपर्यंत, ते मोजायला बसली,
डाव्या हाताच्या बोटांवर.
पाचव्याला अडली.
उजवा हात झोळीत बांधलेला.
म्हणाली, तुझा दे जरा.